मुरगळलेला घोटा आणि मैदानाची घाई

सौंसरजवळच्या जामसांवली गावी मारुतीचे एक प्रसिद्ध देवस्थान आहे. तेथील मूर्ती उभी नाही की बसलेली नाही. पिंपळाच्या छायेत ती आडवी, निद्रिस्त अशी आहे. एका उड्डाणात समुद्र ओलांडणारा हा देव येथे मात्र स्वस्थ पहुडलेला दिसतो, आणि शरीराची व मनाची दुखणी घेऊन येणाऱ्या माणसांची रीघ त्याच्यापुढे बारमाही लागलेली असते. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा सौंसर आणि पांढुर्णा हे दोन्ही तालुके त्यात आले. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख. राज्य मध्य प्रदेशाचे, घरातली बोली मराठी, आणि दुखणे हटून बसले की वाट नागपूरची, अशी येथील रीत आहे.

अशा गावातील एक शाळकरी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. ती कोणी विशिष्ट मुलगी नव्हे. विषय नीट उमगावा म्हणून कल्पिलेली आहे. अकरावीत शिकणारी, रोज सौंसरला जाणारी आणि शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळणारी. शुक्रवारी संध्याकाळच्या सरावात फळ्यावर आपटून परत येणारा चेंडू पकडण्यासाठी तिने उंच उडी घेतली. चेंडू हाती आला. पण खाली येताना तिचा उजवा पाय जमिनीवर न पडता दुसऱ्या मुलीच्या बुटावर पडला. पाऊल आत वळले, घोट्याच्या बाहेरच्या बाजूने कळ निघाली आणि ती खाली बसली. मैत्रिणींच्या खांद्यावर हात टाकून ती चार पावले चालली खरी, परंतु घरी पोचेपर्यंत घोट्यावर लिंबाएवढी सूज आली होती. नवव्या दिवशी, रविवारी, नागपुरात अंतिम सामना!

घरात अर्थातच मते निरनिराळी. आजी तेलाची वाटी कोमट करून घेऊन आली आणि म्हणाली, "चोळल्याशिवाय सूज उतरायची नाही, बाई." वडिलांनी मारुतीला नारळ कबूल केला, आणि सकाळी सौंसरला जाऊन पायाला प्लास्टर घालून आणावे असेही ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी खेळाचे सर आले. त्यांनी पाय पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "रविवारपर्यंत होईल ना?"

हा प्रश्न या सरांचाच आहे असे नाही. जेथे जेथे हा खेळ खेळला जातो तेथे तो रोज विचारला जातो. 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने भिंतीच्या सज्जाला टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, तेव्हा धसमुसळेपणा टाळणे हा त्याचा एक हेतू होता. धक्काबुक्की बरीच कमी झाली हे खरे. पण टोपली उंचावर गेल्यामुळे उड्या आल्या, आणि उड्या आल्या म्हणजे जमिनीवर परतणेही आले. ऑस्ट्रेलियात दहा हजारांहून अधिक वेळा मैदानावर उतरलेल्या बास्केटबॉलपटूंची पाहणी करून त्याचा वृत्तांत 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यात घोट्याच्या जवळजवळ निम्म्या दुखापती उडीनंतर खाली येताना झालेल्या आढळल्या. त्याच पाहणीतील आणखी एक आकडा प्रत्येक प्रशिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्यांचा घोटा पूर्वी एकदा दुखावला होता, त्यांना पुन्हा तशीच दुखापत होण्याचा संभव इतरांच्या जवळजवळ पाचपट होता. आणि घोटा दुखावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक खेळाडू कोणत्याही जाणकाराकडे गेलेच नव्हते! तेव्हा दुर्लक्षाचा दोष केवळ आपल्या खेड्यांच्या माथी मारण्याचे कारण नाही.

आत नेमके काय होते, ते पाहू. नडगीचे जाड हाड आणि तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड ही दोन हाडे खाली येऊन एक खोबण तयार करतात. या खोबणीत पावलाचे वरचे हाड बसलेले असते. सुतार लाकडात कूस बसवितो, तसाच हा सांधा. हाडे एकमेकांस धरून राहावीत म्हणून दोन्ही बाजूंना चिवट तंतूंचे पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. आतल्या बाजूचा पट्टा रुंद व बळकट आहे. बाहेरच्या बाजूस मात्र तीन निरनिराळे, तुलनेने बारीक बंध आहेत, आणि त्यांतला पुढचा सर्वांत दुबळा. उडी मारून खाली येताना बोटे जमिनीकडे झुकलेली असतात. या स्थितीत सांध्याची पकड सैल असते आणि भार नेमका या पुढच्या बंधावर येतो. म्हणून पाऊल आत वळले की पहिला बळी त्याचा. जोर अधिक असेल तर खालचा दुसरा बंधही जातो. तिसरा सहसा शाबूत राहतो.

बंध नुसता ताणला गेला, काही अंशी फाटला, की पुरता तुटला, यावरून दुखापतीच्या तीन पायऱ्या मानतात. पण गंमत अशी की, पहिल्या संध्याकाळी ही पायरी सांगणे कसलेल्या डॉक्टरासही कठीण जाते. सूज आणि वेदना यांमुळे पाय हलवून पाहताच येत नाही. चार-पाच दिवसांनी, सूज ओसरू लागल्यावर केलेली तपासणी अधिक विश्वसनीय ठरते. तेव्हा सरांनी शनिवारी विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर "बुधवारी विचारा" एवढेच होते.

पहिल्या संध्याकाळी मात्र एक निर्णय घ्यावाच लागतो. हाड मोडले आहे काय? खेड्यातील माणसासाठी हा प्रश्न लहान नाही. त्यात बसचे भाडे आहे, बुडालेली मजुरी आहे आणि क्ष-किरण चित्राचा खर्च आहे. कॅनडातील ओटावा शहरात डॉक्टर इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली यासाठी काही सोपे नियम बांधून दिले, ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडांची जी टोके हातास लागतात, त्या टोकांवर किंवा त्यांच्या मागच्या कडेने सुमारे 6 सेंटिमीटर वरपर्यंत दाबून पाहावे. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्याशी एक उंचवटा असतो, तो दाबावा. आतल्या बाजूस कमानीच्या माथ्याशी असलेले हाड दाबावे. यांपैकी कोठेही हाडावरच दुखत असेल, किंवा दुखापत होताच आणि पुढे तपासणीच्या वेळी अशी दोन्ही वेळा चार पावलेसुद्धा टाकता येत नसतील, तर चित्र काढलेच पाहिजे. लंगडत टाकलेले पाऊलही पाऊलच धरावे. या खुणांपैकी एकही नसेल तर हाड मोडलेले असण्याचा संभव फारच थोडा. अनेक देशांतील अनुभव एकत्र करून 2003 साली असे दिसून आले की, या नियमांमुळे क्वचितच एखादे मोडलेले हाड नजरेतून सुटते, आणि अनावश्यक चित्रांपैकी तीस ते चाळीस टक्के वाचतात. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कोवळा वाढीचा भाग असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत शंका आल्यास डॉक्टरांकडे जाणेच बरे. पाऊल बधिर वा थंड पडले असेल, अथवा घोटा वेडावाकडा दिसत असेल, तर नियम आठवीत बसू नये, तत्काळ निघावे.

आमच्या मुलीला चार पावले टाकता आली होती, आणि हाडांवर दाबून दुखत नव्हते. दुखत होते ते हाडाच्या पुढच्या मऊ खळग्यात. म्हणजे बंध दुखावला होता, हाड नव्हे.

आता आजीच्या तेलाकडे वळू. आजीचा हेतू चांगला आणि हातही मायेचा. परंतु वेळ चुकलेली. फाटलेल्या तंतूंतून आत रक्त झिरपत असते तेव्हा जोराने चोळले, शेकले, तर ते झिरपणे वाढते. पहिले दोन-तीन दिवस चोळणे, शेकणे आणि त्या पायावर धावणे ही तिन्ही वर्ज्य. पाय उशीवर, हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावा. बोटांपासून वर अशी लवचीक पट्टी बेताने गुंडाळावी. बोटे निळी पडू लागली तर ती सैल करावी. फडक्यात बांधलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवला तर वेदना कमी होते. बर्फाविषयी मत थोडे बदलले आहे, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 साली विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची अशी चतुःसूत्री सांगितली आणि ती जगभर पाठ झाली. त्याच गृहस्थांनी 2014 साली जाहीर केले की, बर्फाने आणि संपूर्ण विश्रांतीने भरून येणे लांबूही शकते. वेदनेसाठी बर्फ वापरावा. तो औषध नव्हे, असे आज साधारणपणे मानतात. हळदीचा लेप लावला तर बिघडत नाही, मात्र लेप लावला म्हणजे उपचार झाले असे समजू नये.

वडिलांच्या प्लास्टरचे काय? पूर्वी लचकलेल्या घोट्याला सरसकट तीन-चार आठवडे प्लास्टर घालीत. आज साध्या लचकण्यात ते घालीत नाहीत. बंध पुरताच तुटला असेल तर दहा दिवसांपर्यंत पाय जखडून ठेवल्याने वेदना व सूज कमी होते. त्याहून अधिक काळ जखडणे तोट्याचे ठरते. याचे कारण भरून येण्याच्या क्रियेतच आहे. पहिले काही दिवस शरीर तेथील मोडतोड साफ करते; सूज आणि उष्णता ही त्याच कामाची खूण. नंतर सुमारे सहा आठवड्यांपर्यंत नवे तंतू विणले जातात. पण ते दोरखंडासारखे सरळ नसतात, विस्कटलेल्या कडब्यासारखे अस्ताव्यस्त असतात. त्यांच्यावर बेताबेताने भार पडू लागला म्हणजेच ते भाराच्या दिशेने आपली रांग लावतात. भार मुळीच नाही, तर रांग लागत नाही. भार एकदम फार, तर कोवळे तंतू ताणून लांबतात आणि बंध ढिला राहूनच भरतो. ही रांग लागण्याचे काम कित्येक महिने चालते. घोट्याचा ढिलेपणा पुरेसा कमी होण्यास सहा आठवडे ते तीन महिने लागतात, असे तपासणीत दिसले आहे.

आणि येथेच सारी फसगत होते. वेदना बहुधा दोन आठवड्यांच्या आत बरीच उतरते. सूज उतरते, रंग निवळतो, चालता येते, जिने चढता येतात. खेळाडूला वाटते, झाले! वस्तुतः आतला बंध त्या वेळी अर्धाही पक्का झालेला नसतो.

या भागातील माणसाला मागे न हटण्याचे मोल कोणी शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. रक्त निघाले तरी काठ न सोडण्यात तेथे पुरुषार्थ मानला जातो. मैदानावरही हीच वृत्ती नाव घेते आणि टाळ्या मिळविते. म्हणून या वृत्तीची किंमत काय पडते याचे एक उदाहरण पाहणे उपयुक्त होईल. ते क्रिकेटमधले आहे, पण घोटा घोटाच असतो.

19 ऑक्टोबर 2023 रोजी पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना चालू होता. हार्दिक पंड्याच्या गोलंदाजीवर फलंदाजाने चेंडू सरळ परतवला. तो पायाने अडविण्याच्या प्रयत्नात पंड्याचा डावा घोटा मुरगळला. त्या षटकात त्याचे तीनच चेंडू पडले होते; उरलेले तीन विराट कोहलीने टाकले. पुढे पंड्यानेच मुलाखतीत जे सांगितले ते विचार करण्यासारखे आहे. मूळची दुखापत सुमारे पंचवीस दिवसांची होती. पण विश्वचषक चालू असल्याने पाच दिवसांत परत येतो असे तो संघाला सांगून गेला. घोट्यात तीन ठिकाणी इंजेक्शने घेतली, सुजेमुळे साचलेले रक्त काढून घेतले, आणि पाय साथ देत नसताना त्याला पुढे रेटले. त्या रेटण्यात दुखापत नव्याने वाढली आणि पंचवीस दिवसांचे दुखणे तीन महिन्यांचे झाले. 4 नोव्हेंबरला तो स्पर्धेतून बाहेर पडल्याचे जाहीर झाले. सामन्यात तो पुन्हा दिसला तो थेट फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस, नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्पर्धेत.

19 ऑक्टोबरपासून पंचवीस दिवस मोजले तर 13 नोव्हेंबर येतो. मुंबईतील उपांत्य सामना 15 तारखेस होता, अहमदाबादचा अंतिम सामना 19 तारखेस. धीर धरला असता तर तो त्या सामन्यांत खेळलाच असता, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. पंचवीस दिवसांनी पाय बरा होणे वेगळे आणि विश्वचषकात गोलंदाजी करणे वेगळे. परंतु हिशेबाची दिशा लक्षात येण्यासारखी आहे. वाचवायला गेले वीस दिवस, आणि खर्ची पडले दोन महिन्यांहून अधिक. त्याच पंड्याने 29 जून 2024 रोजी बार्बाडोस येथे वीस षटकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक टाकले आणि भारत जिंकला. पुरता बरा झालेला घोटा काय करू शकतो, हेही त्यावरून दिसते.

पंड्यापाशी उत्तमोत्तम डॉक्टर होते. सौंसरच्या मुलीपाशी वेदनाशामक गोळी आहे, आणि दोघांच्याही बाबतीत मोह एकच. वेदना ही घोट्याची बोली आहे. गोळीने अथवा इंजेक्शनने तिचे तोंड बंद केले म्हणजे बंध बळकट होत नाही; केवळ त्याची तक्रार ऐकू येत नाही. झोप लागावी म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेण्यास हरकत नाही. खेळता यावे म्हणून घेतलेली गोळी निराळी.

बंधाखेरीज आणखी एक गोष्ट दुखावलेली असते, ती डोळ्यांस दिसत नाही. 1965 साली इंग्लंडमधील अस्थिशल्यविशारद मायकेल फ्रीमन यांनी एका कोड्याकडे लक्ष वेधले. काही रुग्णांचा घोटा बरा झाला, तपासणीत फारसा ढिला नाही, तरी चालता चालता तो एकाएकी दगा देई. फ्रीमन यांनी असे प्रतिपादन केले की, अस्थिबंधांत मज्जातंतूंची टोके असतात आणि पाऊल या क्षणी कसे कलले आहे याची वर्दी ती देतात. बंध फाटला की ही वर्दी देणारी यंत्रणाही तुटते, आणि स्नायू सावरायला उशिरा धावतात. उपाय म्हणून त्यांनी रुग्णांना डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळायला लावले, आणि त्यांच्यातील दगा देण्याचे प्रमाण घटले. फ्रीमन यांच्या उपपत्तीत पुढे बरीच भर पडली व दुरुस्त्याही झाल्या. डुगडुगती फळी मात्र टिकून राहिली. अमेरिकेतील शाळांच्या 765 फुटबॉल व बास्केटबॉल खेळाडूंवर केलेला एक प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. तोल साधण्याचा व्यायाम करणाऱ्यांत घोटा मुरगळण्याचे प्रमाण शेकडा सहा होते, न करणाऱ्यांत शेकडा जवळजवळ दहा.

या व्यायामाला व्यायामशाळा लागत नाही. चुलीवर दूध तापेपर्यंत दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहावे. ते सोपे वाटू लागले की डोळे मिटून उभे राहावे, अर्थात भिंत हाताशी असावी. मग घडी केलेल्या गोधडीवर, आणि पुढे गोधडीवर उभे राहून भिंतीवर चेंडू टाकीत व झेलीत. हसू येईल असा हा व्यायाम आहे. परंतु शेजारच्या निरोगी पायाशी तुलना करून पाहिली म्हणजे हसू आपोआप थांबते. दुखऱ्या पायावर दहा सेकंद काढणेही पहिल्या आठवड्यात कठीण जाते.

मग मैदानावर परतायचे तरी केव्हा? दिवसांचा ढोबळ अंदाज सांगतात तो असा. नुसता ताण असेल तर एक ते दोन आठवडे, बंध काही अंशी फाटला असेल तर तीन ते सहा, पुरता तुटला असेल तर दोन-तीन महिने. घोट्याच्या वर, दोन हाडांच्या मधल्या बंधाला इजा झाली असेल तर काळ आणखी लांबतो. तेथे दुखत असेल तर तज्ज्ञास दाखविणे अवश्य आहे. पण हे आकडे गाडीच्या वेळापत्रकासारखे वाचू नयेत. एकाच प्रकारच्या दुखापतीतून उठायला दोन मुलींना निरनिराळा काळ लागतो. म्हणून अलीकडे तज्ज्ञ तारखेपेक्षा पायालाच विचारतात.

भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते दोन्ही पायांनी पाहावे. दुखरा पाय मागे पडत असेल तर सांधा अजून आखडलेला आहे. एका पायावर उभे राहून टाच वर उचलावी. निरोगी पायाने वीस वेळा जमत असेल आणि दुखऱ्याने बारा वेळा, तर पोटरी अजून तयार नाही. एका पायावर पुढे उडी, मग बाजूस उडी. त्याच पायावर उतरून दोन क्षण न डगमगता थांबता आले पाहिजे. सरळ धावणे लवकर येते आणि फसविते, कारण बास्केटबॉल सरळ रेषेत खेळलाच जात नाही. इंग्रजी आठच्या आकड्यात धावावे, नागमोडी धावावे, धावता धावता थबकून उलट फिरावे. ते साधले की एकटीने उड्या मारून चेंडू टोपलीत टाकावा. मग सरावात उतरावे, पण गर्दीत नाही. नंतर फळ्याखालच्या गर्दीत, जेथे दुसऱ्याच्या बुटावर पाय पडण्याची भीती असते. आणि सर्वांत शेवटी सामना. प्रत्येक पायरीनंतर रात्र जाऊ द्यावी. सकाळी घोटा सुजला असेल तर एक पायरी खाली उतरावे. हा सकाळचा निकाल कोणत्याही प्रशिक्षकाच्या नजरेपेक्षा खरा असतो.

आणखी एक गोष्ट मुलीलाच विचारावी लागते. त्या पायावर तिचा भरवसा आहे काय? उडीनंतर ती नकळत डाव्या पायावर उतरते काय? मन बिचकत असेल तर शरीर भार दुसरीकडे टाकते, आणि मग डावा गुडघा दुखू लागतो. सरांनी "भित्री" म्हणून हिणवण्याची ही बाब नव्हे. ते एक लक्षण आहे, सुजेसारखेच.

घाईचा दुसरा परिणाम उशिरा दिसतो. घोटा एकदा मुरगळलेल्यांपैकी दहात चारांपर्यंत माणसांना पुढे तो वारंवार मुरगळण्याचा अथवा दगा देण्याचा त्रास जडतो, असे काही पाहण्यांत आढळले आहे. या दुष्टचक्राचे बास्केटबॉलमधील सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या स्टीफन करीचे. उजवा घोटा वारंवार मुरगळू लागल्यामुळे मे 2011 मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या हंगामात 66 पैकी अवघे 26 सामने तो खेळू शकला, आणि एप्रिल 2012 मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षी त्याच्या संघाने त्याच्याशी चार वर्षांचा करार केला तो 4 कोटी 40 लाख डॉलरांचा. आकडा आपल्याला डोळे दिपविणारा वाटला तरी त्याच्या गुणवत्तेच्या मानाने तो कमी होता, कारण त्याच्या घोट्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. त्यानंतर त्याच्या प्रशिक्षकांनी घोट्याबरोबर कंबर आणि मांड्या यांचे बळ वाढविण्यावर भर दिला, म्हणजे वळताना सारा भार घोट्यावर येऊ नये. 2015 आणि 2016 अशी लागोपाठ दोन वर्षे तो तेथील व्यावसायिक स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. घोटा एकदा बिघडला म्हणजे खेळ संपला, असे त्यामुळे म्हणता येत नाही. पण ज्याच्या मागे एवढी यंत्रणा उभी होती त्याचीही दोन वर्षे त्यात गेली. आपल्या शाळेतल्या मुलीची दोन वर्षे गेली तर बारावी संपते आणि तिचे बास्केटबॉलही बहुधा तेथेच संपते.

बुधवारी सौंसरच्या डॉक्टरांनी घोटा पुन्हा तपासला. बंध काही अंशी फाटलेला, दुसऱ्या पायरीचा. सरांना उत्तर मिळाले, नाही. रविवारी नाही, त्यानंतरच्या रविवारीही नाही. सर्व काही नीट चालले तर पाचव्या आठवड्यात. सर काही वेळ गप्प बसले. त्यांची अडचणही खोटी नव्हती. संघात उंच मुली दोनच होत्या. मुलगी पट्टी बांधून संघाबरोबर नागपूरला गेली आणि बाकावर बसून गुणांची वही लिहू लागली. वडिलांनी नारळ फोडला तो सूज उतरल्यावर, आणि आजीच्या हाताला तिसऱ्या आठवड्यात काम मिळाले, कारण तोपर्यंत पोटरीला हलका हात फिरविण्यात अपाय राहिला नव्हता.

परतल्यावर निदान तो सारा हंगाम घोट्याला दोरीने आवळण्याचा कापडी आधारपट्टा घालणे हिताचे. अमेरिकेतील शाळांतील 1,460 बास्केटबॉल खेळाडूंची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. पट्टा घालणाऱ्यांत घोट्याच्या दुखापती न घालणाऱ्यांच्या एक-तृतीयांश होत्या. पट्ट्याने घोटा आळशी होतो अशी एक समजूत आहे. गोधडीवरचा व्यायाम चालू ठेवला तर तिची चिंता करण्याचे कारण उरत नाही. पट्टा मोज्यावर बांधून वर बूट घालायचा असतो आणि त्याने पाय थोडा जाड होतो. म्हणून नवे बूट घ्यायला दुकानात जाताना पट्टा पिशवीत टाकावा आणि तो बांधूनच बुटाचे माप पाहावे.